आप्त आणि साक्षी : निसर्गलेखनाच्या समीक्षेतील एक नैतिक प्रश्न

१

मराठीत 'आप्त' हा शब्द आपण दोन अर्थांनी वापरतो. व्यवहारात आप्त म्हणजे नातलग, जवळचा माणूस. त्याच्या सुखदुःखात आपण सहभागी व्हावे आणि त्याच्या उणिवा चारचौघांत बोलू नयेत, अशी अपेक्षा असते. न्यायदर्शनात मात्र आप्त म्हणजे ज्याच्या शब्दावर विसंबून ज्ञान होऊ शकते असा माणूस. गौतमाच्या सूत्रांवरील भाष्यात वात्स्यायनाने त्याची लक्षणे सांगितली आहेत. त्याने वस्तू स्वतः जाणलेली असावी आणि जशी जाणली तशीच ती सांगण्याची त्याला इच्छा असावी. हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या सर्वांना सारखेच लागू पडते, असेही तो नमूद करतो. म्हणजे या दुसऱ्या अर्थाचे आप्तत्व कुळाने वा गोताने मिळत नाही. एरवी हे दोन अर्थ एकमेकांच्या वाटेत येत नाहीत. परंतु एखादा निसर्गाभ्यासक आपल्यासारख्याच दुसऱ्या अभ्यासकाच्या पुस्तकाचे परीक्षण लिहावयास बसतो, तेव्हा ते समोरासमोर उभे ठाकतात. पहिल्या अर्थाचा आप्त म्हणून त्याने चूक पोटात घालावी आणि दुसऱ्या अर्थाचा आप्त म्हणून ती उघड करावी, असे दोन्ही आदेश त्याला एकाच वेळी मिळतात.

हा पेच मला पुस्तकांतून कळला नाही. माझे एक सहकारी प्राणिशास्त्राचे प्राध्यापक आहेत. गेली पंधरा वर्षे ते वन्यजीवन आणि निसर्गसंरक्षण या विषयांवरील मराठी-इंग्रजी पुस्तकांची परीक्षणे लिहीत आले आहेत; कधी जिल्हा वृत्तपत्राच्या पुरवणीत, कधी एखाद्या लहान नियतकालिकात. त्यांचा संग्रह निघालेला नाही आणि निघावा अशी त्यांची इच्छाही दिसत नाही. मी मात्र त्यांची कात्रणे जपून ठेवली आहेत. प्रारंभी एका हौशी पक्षिनिरीक्षकाचे कुतूहल त्यामागे होते. पुढे लक्षात आले की, माझ्या स्वतःच्या व्यवसायाविषयी, म्हणजे वाङ्मयसमीक्षेविषयी, ती परीक्षणे मला काही अडचणीचे प्रश्न विचारीत आहेत.

त्यांतील एका परीक्षणाचा विषय होता विदर्भातील जंगलावरचे एक ललित लेखांचे पुस्तक. लेखक आम्हा दोघांचेही स्नेही. माझ्या सहकाऱ्यांबरोबर तर त्यांनी वीस वर्षे रानवाटा तुडवल्या होत्या. या पुस्तकावर मी आधीच लिहिले होते आणि त्यातील एका लेखाची विशेष वाखाणणी केली होती. डिसेंबरमधली थंड पहाट, आटत चाललेले तळे आणि काठच्या झाडावरून येणारी चातकाची आर्त साद, असा तो प्रसंग. तृष्णेची ही प्रतिमा ऋतूच्या विरोधात उभी राहिल्याने अधिकच गडद होते, असे मी म्हटले होते. माझ्या सहकाऱ्यांनी पुस्तकाचे मनापासून कौतुक केले आणि शेवटी तीन-चार वाक्ये लिहिली. चातक आपल्याकडे मोसमी पावसाच्या आगेमागे येतो, सातभाईच्या घरट्यात अंडी घालतो आणि पावसाळा सरला की निघून जातो. हिवाळ्यात तो भारतात नसतो. तेव्हा लेखकाने डिसेंबरमध्ये काय ऐकले, हे त्यांनी पुन्हा एकदा आठवून पाहावे.

मला राग आला. ही समीक्षा की कारकुनाने केलेली हजेरीपटाची तपासणी, असे मी त्यांना स्टाफरूममध्ये विचारले. ते शांतपणे म्हणाले, "सर, तुम्ही पुस्तकाला चांगलं म्हणालात, त्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. पण चातकाच्या बाजूनं कोणी बोलायचं?"

प्रस्तुत लेख या प्रश्नाला उशिरा दिलेले उत्तर आहे.

२

त्या वेळी माझ्यापाशी उत्तर तयार होते आणि ते आपल्या परंपरेतूनच आलेले होते. राजशेखराने 'काव्यमीमांसे'त कविसमयांची चर्चा केली आहे. प्रत्यक्षात नसलेली गोष्ट आहे असे वर्णावयाचे, असलेली गाळावयाची, अनियत असलेली नियत करावयाची, असे त्याचे प्रकार. प्रत्येक नदीत कमळे फुललेली असतात आणि प्रत्येक जलाशयात हंस विहरत असतात, हे कवींनी मानून घेतलेले असते. केवळ मेघाचे थेंब पिऊन राहणारा चातक त्याच कुळातला. मग मराठी ललित लेखकाने हा संकेत डिसेंबरमध्ये आणून नवा केला, तर पक्षिशास्त्राने तक्रार का करावी?

या युक्तिवादातील दोष माझ्या ध्यानात यावयास काही वर्षे जावी लागली. कविसमय हा करार आहे आणि तो दोन्ही बाजूंना ठाऊक असतो. वर्षाकाव्यातील चातकाला भेटणारा रसिक त्याचे पक्षिशास्त्र शिकावयास आलेला नसतो. कवीनेही 'मी हे अमुक ठिकाणी पाहिले' असे सांगितलेले नसते. तेथे कोणी कोणाची फसवणूक करीत नाही. निसर्गपर ललित लेखाचा करार वेगळा आहे. त्यात तारीख असते, तळ्याचे नाव असते, सोबत आलेल्या वनरक्षकाचा उल्लेख असतो आणि या सर्वांना बांधून ठेवणारे 'मी पाहिले', 'मी ऐकले' हे प्रथमपुरुषी क्रियापद असते. या लेखनाची सारी शक्ती त्या क्रियापदातून येते. तोच प्रसंग कादंबरीत आला असता तर आपण तो वेगळ्या अपेक्षेने वाचला असता. व्यंकटेश माडगूळकरांची 'सत्तांतर' ही वानरांच्या टोळ्यांवरील कादंबरी (१९८२) या दृष्टीने बोलकी आहे. टोळी ताब्यात घेणाऱ्या नव्या नराकडून होणारी पिलांची हत्या ही तिच्यामागील वस्तुस्थिती युकिमारू सुगियामा यांनी १९६० च्या दशकाच्या आरंभी धारवाडच्या परिसरात नोंदवली होती. सारा हर्डी यांनी १९७७ च्या 'द लंगूर्स ऑफ अबू' या ग्रंथात तिला नराच्या प्रजननाशी जोडले, तर फिलिस डॉलिनो यांच्यासारख्या अभ्यासकांनी असे वर्तन वानरांच्या स्वाभाविक जीवनाचा भाग आहे काय, याविषयीच शंका घेतली. हा वाद शास्त्रात चालू असताना माडगूळकर कादंबरी लिहू शकले, कारण त्यांनी साक्षीदाराची शपथ घेतलेली नव्हती. त्या वस्तुस्थितीतून सत्तेविषयी जे सुचते, ते कादंबरीकाराच्या हक्काने ते मांडीत होते.

माझ्या स्नेह्याने शपथ घेतली होती. म्हणून त्यांच्या चातकाला कविसमयाचा आश्रय घेता येत नाही. काव्याकडून संकेताची मुभा घ्यावयाची आणि साक्षीकडून विश्वास घ्यावयाचा, असा दुहेरी लाभ तो लेख उठवीत होता आणि त्याला वाङ्मयीन गुण म्हणून मी मान्यता दिली होती.

३

निसर्गाभ्यासकाने निसर्गाभ्यासकाच्या पुस्तकांची घेतलेली झडती म्हणून जो वाद इतिहासात गाजला, तो अमेरिकेतील. १९०३ च्या मार्चमध्ये जॉन बरोज यांनी 'अटलांटिक मंथली' या मासिकात खऱ्या आणि खोट्या निसर्गेतिहासावर एक लेख लिहिला. बरोज तेव्हा पासष्टी ओलांडलेले, त्या देशातील सर्वाधिक वाचले जाणारे निसर्गलेखक होते. त्यांचा रोख समकालीनांवर होता : 'वाइल्ड ॲनिमल्स आय हॅव नोन' (१८९८) लिहिणारे अर्नेस्ट थॉम्प्सन सेटन, 'स्कूल ऑफ द वुड्स' (१९०२) लिहिणारे विल्यम जे. लाँग आणि काही प्रमाणात चार्ल्स रॉबर्ट्स. सेटन यांनी आपल्या कथा खऱ्या असल्याचे प्रस्तावनेत सांगितले होते, तरी अनेक प्राण्यांचे अनुभव त्यांनी एकेका नायकाच्या ठायी एकवटले होते. ज्ञात प्राण्यांविषयीच्या त्या पुस्तकाच्या शीर्षकात 'फक्त मलाच' अशी भर घालावी, असा बरोज यांचा टोमणा प्रसिद्ध आहे. लाँग यांच्या पुस्तकांत प्राणी पिलांना शाळेसारखे शिक्षण देत. त्याच वर्षीच्या पुढच्या पुस्तकात तर मोडलेल्या पायाला चिखल-गवताचे लिंपण करून घेणारा एक पाणथळीतला पक्षीही आला. ही पुस्तके शाळांतून वाचली जात होती. १९०७ साली अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी या वादात उघड उडी घेतली आणि 'नेचर फेकर्स' हा शब्दप्रयोग रूढ झाला.

या वादाकडे सत्य विरुद्ध असत्य असे सरळ पाहता येत नाही. लाँग यांचा बचाव हास्यास्पद नव्हता. प्रत्येक प्राणी ही एक स्वतंत्र व्यक्ती आहे, शास्त्र जातीचे सरासरी वर्तन सांगते, म्हणून एकाने पाहिलेले दुसऱ्याला न दिसणे स्वाभाविक आहे, असे ते म्हणत होते. निसर्गाभ्यासकाच्या दाव्याला 'मी हे कधी पाहिले नाही' एवढे उत्तर पुरेसे आहे काय, हा त्यामागील ज्ञानमीमांसेचा प्रश्न खरा होता. प्राणी पिलांना शिकवतात ही कल्पनाच बरोज यांनी जवळजवळ निकालात काढली आणि सारे काही सहजप्रेरणेच्या खाती टाकले. येथे काळाने त्यांना पूर्ण साथ दिलेली नाही. दक्षिण आफ्रिकेतील मीरकॅट हे प्राणी पिलांच्या वयानुसार आधी मेलेले, मग नांगी काढलेले आणि शेवटी जिवंत विंचू त्यांच्यापुढे टाकतात, हे ॲलेक्स थॉर्नटन आणि कॅथरिन मॅकॉलिफ यांनी २००६ साली पद्धतशीर प्रयोगांनी दाखवून दिले. म्हणजे पायाला लिंपण लावणाऱ्या पक्ष्याविषयी बरोज यांची बाजू बरोबर ठरली. शिक्षणाच्या शक्यतेविषयी मात्र त्यांनी आपल्या अनुभवाची सीमा हीच निसर्गाची सीमा मानली.

यातून वात्स्यायनाच्या लक्षणाला एक पुरवणी जोडावीशी वाटते. आप्ताने वस्तू जाणलेली असावी, ती जशीच्या तशी सांगण्याची त्याला इच्छा असावी, आणि आपले जाणणे कोठे संपते हेही त्याने सांगावे. लेखकाला हे जितके लागू आहे तितकेच परीक्षकालाही. 'मला दिसले नाही' आणि 'असे असूच शकत नाही' या दोन वाक्यांमध्ये जे अंतर आहे, ते राखणे हे परीक्षकाचे नैतिक कर्तव्य ठरते.

या वादाचा उत्तरार्ध सहसा सांगितला जात नाही. सेटन यांनी बरोज यांच्याशी भांडण वाढवले नाही. दोघांची भेट झाली. पुढच्या वर्षी त्याच मासिकात लिहिताना बरोज यांनी सेटन यांच्या निरीक्षणशक्तीची मोकळेपणाने दखल घेतली. सेटन मात्र तेवढ्यावर थांबले नाहीत; त्यांनी १९०९ साली उत्तरेकडील प्राण्यांच्या जीवनेतिहासाचे दोन खंड आणि पुढे 'लाइव्ह्ज ऑफ गेम ॲनिमल्स' हा बहुखंडी ग्रंथ सिद्ध केला. बरोज यांच्या मृत्यूनंतर त्यांच्या स्मरणार्थ सुरू झालेले पदक या ग्रंथासाठी सेटन यांनाच मिळाले. कठोर परीक्षणाने एका लेखकाला त्याच्या सामर्थ्याकडे वळवले, असे येथे म्हणता येईल. लाँग यांच्याबाबत तसे घडले नाही. त्यांनी आपल्या दाव्यासाठी प्रतिज्ञापत्रे गोळा केली. एकाच टीकेला दोन लेखकांनी दिलेल्या या दोन प्रतिसादांत मला आप्तत्वाची खरी परीक्षा दिसते.

४

आता दुसरा आणि अधिक अवघड आक्षेप. समजा, पुस्तकातील तपशील चुकीचा आहे. पण त्याने हजारो वाचकांच्या मनात प्राण्याविषयी करुणा निर्माण केली. ज्या काळात अरण्ये आक्रसत आहेत, त्या काळात सहप्रवाशाने अशा पुस्तकाच्या चुका चव्हाट्यावर आणून कोणाचा लाभ होतो?

फार्ली मोवॅट या कॅनडियन लेखकाचे 'नेव्हर क्राय वुल्फ' हे पुस्तक १९६३ साली आले. उत्तरेकडील ओसाड प्रदेशात शासकीय वन्यजीव खात्यासाठी १९४८-४९ मध्ये केलेल्या कामावर ते आधारलेले आहे. त्यातील एकाकी नायक लांडग्यांच्या सहवासात राहतो आणि ते मुख्यतः उंदरांवर गुजराण करतात, असे त्याला आढळते. लांडग्याविषयीची पाश्चात्त्य लोकभावना बदलण्यात या पुस्तकाचा मोठा वाटा मानला जातो. १९८३ साली त्यावर चित्रपटही निघाला. त्याच खात्यातील मोवॅट यांचे तत्कालीन वरिष्ठ फ्रँक बॅनफील्ड यांनी १९६४ साली 'कॅनडियन फील्ड-नॅचरलिस्ट'मध्ये त्याचे परीक्षण केले. लाल टोपीवाल्या मुलीच्या लोककथेत जेवढे तथ्य आहे तेवढेच या पुस्तकात आहे, असा त्यांचा निष्कर्ष होता. मोवॅट त्या मोहिमेवर एकटे नव्हते, ही गोष्टही उघड झाली. १९९६ साली जॉन गॉडर्ड यांनी 'सॅटर्डे नाइट' नियतकालिकात या साऱ्याची पुन्हा तपशीलवार छाननी केली. मोवॅट यांची भूमिका अशी राहिली की, वस्तुस्थितीपेक्षा सत्य मोठे असते आणि त्यासाठी वस्तुस्थितीला मुरड घालावी लागली तर ती घालावी.

वाङ्मयाच्या अभ्यासकाला ही भूमिका ओळखीची वाटते, कारण आपणही वर्गात अनेकदा तीच सांगतो. कलेचे सत्य वस्तुस्थितीच्या पलीकडचे असते, असे म्हणताना लौकिक आणि अलौकिक यांच्यातील जो ताण रा. भा. पाटणकरांनी 'सौंदर्यमीमांसे'त (१९७४) उलगडून दाखवला, त्याचा सोयीचा अर्धाच भाग आपण उचलतो. निसर्गलेखन हे लौकिकाशी इतके घट्ट बांधलेले आहे की, त्याची लौकिक बाजू सोडून दिली तर अलौकिकालाही आधार उरत नाही.

परंतु माझा मुख्य आक्षेप सौंदर्यशास्त्रीय नाही. केवळ उंदीर खाणारा लांडगा वाचकाला आवडतो, याचा अर्थ त्याच्या करुणेला निरपराध प्राण्याची अट आहे. खरा लांडगा कॅरिबू मारतो. आपल्याकडे सोलापूर-नान्नजच्या माळरानांवरचा लांडगा धनगरांची शेळ्या-मेंढरे मारतो. लांडगा उंदीरच खातो, असे शहरातल्या वाचकाला पुस्तकाने शिकवले, तर मेंढरू गमावलेल्या धनगराचे म्हणणे त्याला खोटे वाटू लागते. एका मुक्या प्राण्याची बाजू घेण्याच्या नादात त्या प्राण्यासोबत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आणि ज्याचे म्हणणे पुस्तकात येत नाही अशा माणसाला आपण खोटा साक्षीदार ठरवतो. लांडगा मेंढरे मारतो आणि तरीही त्याला या माळावर जगण्याचा हक्क आहे, हे अवघड वाक्य उच्चारता आले तरच संरक्षणाच्या विचाराला नैतिक वजन येते. चुकीच्या तपशिलाने ते वाक्य उच्चारण्याची गरजच नाहीशी केली जाते. म्हणून बॅनफील्ड यांचा सूर बोचरा असला तरी त्यांनी लांडग्याशी वा संरक्षणाच्या कार्याशी द्रोह केला, असे मला म्हणवत नाही.

५

सहप्रवाशांनी मौन पाळले तर काय होते, याचे एक उदाहरण महाराष्ट्राच्याच भूमीवर घडले आहे. रानपिंगळा या लहान घुबडाचे वर्णन ॲलन ह्यूम यांनी १८७३ साली प्रसिद्ध केले. पुढील काही वर्षांत मोजके नमुने मिळाले. त्यांतले काही जेम्स डेव्हिडसन यांनी १८८० च्या दशकाच्या आरंभी खानदेशातून मिळवलेले होते. त्यानंतरचा एकच नमुना नोंदला गेला : १९१४ साली गुजरातेत तापीकाठच्या मांडवीला मिळाल्याचा. तो रिचर्ड माइनर्ट्झहागन या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याच्या नावावर होता. पक्षिशास्त्रातले ते बडे प्रस्थ. या सर्वांत अलीकडच्या नोंदीवर विसंबून त्या परिसरात शोध घेतले गेले आणि ते निष्फळ ठरले. पक्षी नामशेष झाला असावा, असे समजले जाऊ लागले.

माइनर्ट्झहागन यांच्या प्रामाणिकपणाविषयी त्यांच्या हयातीतच शंका होत्या. १९१९ साली लंडनच्या निसर्गेतिहास संग्रहालयाच्या पक्षिविभागात त्यांना काही काळ प्रवेशबंदीही झाली होती. पण शंका खाजगीत बोलल्या गेल्या. त्यांच्या लबाडीची पद्धतशीर छाननी ॲलन नॉक्स यांनी छापली ती १९९३ साली, त्यांच्या मृत्यूनंतर सव्वीस वर्षांनी. पुढे पामेला रासमुसेन यांनी संग्रहालयातील नमुन्यांची बारकाईने तपासणी केली. मांडवीचा तो पक्षी डेव्हिडसन यांच्याच नमुन्यांपैकी चोरून, पुन्हा भरून आणि खोटी चिठ्ठी लावून ठेवलेला होता. ती नोंद बाजूला सारल्यावर शोध जुन्या, खऱ्या ठिकाणांकडे वळला आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट यांना शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याशी, रानपिंगळा दिसला. नंतर मेळघाटातही तो आढळला. एक खोटी चिठ्ठी आणि तिच्याविषयी राखलेले सभ्य मौन यांनी पक्षी शोधणाऱ्यांना दशकानुदशके चुकीच्या जंगलात पाठवले होते.

याच माइनर्ट्झहागन यांच्यासोबत सलीम अली १९३७ साली अफगाणिस्तानच्या पक्षिमोहिमेवर गेले होते. त्या मोहिमेच्या रोजनिशीत माइनर्ट्झहागन यांनी अलींविषयी अनुदार शेरे लिहिले. अलींनी आपल्या 'द फॉल ऑफ अ स्पॅरो' (१९८५) या आत्मचरित्रात ते शेरे स्वतःहून छापले. आपल्याविरुद्धची साक्षही वाचकापुढे ठेवणे, याला मी आप्तत्व म्हणेन.

६

आता पुन्हा माझ्या सहकाऱ्यांच्या परीक्षणाकडे. त्याची किंमत त्यांनी मोजली. स्नेह्याने त्यांच्याशी दोन वर्षे बोलणे टाकले. दुसऱ्या आवृत्तीत त्या लेखातला डिसेंबर जाऊन जुलै आला. कोणाचाही उल्लेख न करता. लेख अर्थातच फिका पडला, कारण भरलेल्या तळ्याकाठी तृष्णेची प्रतिमा उभी राहत नाही. हे पाहून मला वाटले की, मूळ लेखाचे सौंदर्य त्या चुकीच्या महिन्यावरच उभे होते आणि ती बाब माझ्या वाङ्मयीन कानाला जाणवली नव्हती. मर्ढेकरांनी लेखकाच्या आत्मनिष्ठेचा विचार मांडल्यापासून अनुभवाची अस्सलता ही आपल्या समीक्षेची आवडती कसोटी झाली आहे. स्नेह्याची तृष्णा अस्सल होती, यात मला आजही शंका नाही. पण निसर्गलेखनात अनुभव घेणाऱ्याइतकीच अनुभवविषयाचीही एक बाजू असते आणि ती तपासण्याचे साधन माझ्या कसोटीत नव्हते. चरित्रनायकाचे वारस लेखकाला जाब विचारू शकतात, आत्मचरित्रातली पात्रे प्रत्युत्तर देऊ शकतात. पक्ष्याला ती सोय नाही. त्याच्याविषयी लिहिलेले चुकीचे वाक्य दुसऱ्या जाणकाराने दुरुस्त केले नाही, तर ते तसेच राहते.

याचा प्रत्यय मला लवकरच आला. ऋतुवर्णनावर काम करणाऱ्या एका विद्यार्थिनीने आपल्या प्रबंधिकेत लिहिले की, विदर्भाच्या हिवाळ्यात चातकाची साद ऐकू येते, आणि प्रमाण म्हणून माझ्या परीक्षणाचा हवाला दिला. तिने पुस्तक तपासले नाही, पक्षी पाहिला नाही. एका प्राध्यापकाच्या शब्दावर ती विसंबली. म्हणजे मांडवीच्या चिठ्ठीसारखी एक चिठ्ठी माझ्याही हातून लावली गेली होती. फरक एवढाच की, मी ती लबाडीने लावली नव्हती. पण त्या चिठ्ठीवर विश्वासून चुकीच्या जागी जाणाऱ्याला या फरकाचा काही उपयोग नसतो.

मी हे सहकाऱ्यांना सांगितले, तेव्हा त्यांनी त्यांचे एक नंतरचे कात्रण माझ्यापुढे ठेवले. दक्षिण भारतातील पक्ष्यांवरच्या एका पुस्तकाचे ते परीक्षण होते. त्यात प्रारंभीच त्यांनी लिहिले होते की, हिवाळ्यात चातक भारतात नसतो, असे विधान आपण पूर्वी केले होते. ते जास्त व्यापक होते. दक्षिणेत आणि श्रीलंकेत या पक्ष्याची एक उपजात वर्षभर राहते. तेव्हा त्या वेळी आपण विदर्भापुरतेच बोलावयास हवे होते आणि अशक्य न म्हणता लेखकाकडे अधिक तपशील मागावयास हवा होता. हे वाचण्याचा आग्रह त्यांना कोणी केला नव्हता. ती चूकही कोणी दाखवलेली नव्हती. मी ते कात्रण आमच्या स्नेह्यांना नेऊन दाखवले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "त्या पहाटे कसला तरी आवाज आला होता, एवढं खरं. चातक मी नंतर घातला." पुढच्या रविवारी ते दोघे पुन्हा तळ्यावर गेले.

आप्त या शब्दाचे दोन अर्थ एकमेकांच्या विरोधात आहेत, असे मी या लेखाच्या आरंभी म्हटले. आता ते विधान मला थोडे बदलावेसे वाटते. चूक पोटात घालण्यावर उभे राहिलेले नाते पहिल्याच खऱ्या वाक्याने मोडते, हे खरे आहे. परंतु ज्याने आधी माझी चूक आणि मग स्वतःची चूक त्याच स्वरात सांगितली, त्याच्या शब्दावर मी निर्धास्त विसंबू शकतो. आणि असा माणूस रक्ताच्या नात्याहून दूरचा वाटत नाही. बरोज आणि सेटन यांच्यात अखेरीस जे घडले ते याच जातीचे असावे. मात्र हे नाते परीक्षकाने गृहीत धरावयाचे नाही. ते नंतर येते, कधी येतही नाही, आणि आले नाही तरी वाक्य लिहावे लागते.

माझे ते परीक्षण माझ्या समीक्षालेखांच्या संग्रहात समाविष्ट आहे आणि आजही ग्रंथालयांत वाचले जाते. त्यातील चातकाविषयीचा परिच्छेद चुकीचा आहे, हे येथे नोंदवतो. डिसेंबरमधल्या त्या तळ्यावर कोणता पक्षी बोलत होता, हे मला माहीत नाही.